वॉटर लिलीला नुसती पानंच, फुलं नाहीत. मदत हवी आहे

मंडळी, सिंहगड रोडला आमच्या घरामागे सहा बाय चारचं, दोन फूट खोल टाकं आहे. गेल्या पावसाळ्यात त्यात निळी वॉटर लिली लावली. दिवाळीपर्यंत रोज एक तरी फूल असायचं. नऊच्या सुमारास उमलायचं, दुपार कलली की मिटायचं. यंदा नुसती पानं, तीही एकमेकांवर चढून पाण्याबाहेर उभी राहिलेली. कुंडीत कंद दाटलाय का? की शेजारचा आंबा वाढल्याने ऊन जेमतेम तीन तास मिळतं, ते कारण? कुंडी बदलायची तर आत्ता की थंडी सरल्यावर? नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून शेणखत घातलं, तर आठवड्यात पाणी हिरवंगार!

शिवाय पानांच्या देठांवर काळा मावा. फवारणी नको, आत गप्पी मासे आहेत आणि बेडकाची पिल्लं अजून शेपटीसकट पानांखाली लपतात. काल खंड्या नळावर बसून एक गप्पी उचलून गेला. आईला त्याचंच कौतुक. पानं तासभर पाण्यात दाबून ठेवली की मावा सुटतो आणि मासे खातात म्हणे. कुणी करून पाहिलंय?