स्पारिंगमध्ये कानशिलावर ठोसा, मुलगा पडला नाही पण डोकं अजून जड: परत कधी उतरवायचं?

गुहागर बॉक्सिंग

नमस्कार. माझ्याकडे शिकणारा मुलगा १६ वर्षांचा, वजन ५४ किलो. परवा स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) उजवा क्रॉस, म्हणजे उजव्या हाताचा सरळ ठोसा, कानशिलावर बसला. हेडगार्ड होतं, ग्लोव्हज १४ औंसाचे. पडला नाही, शुद्ध गेली नाही, पण पाय क्षणभर सैल पडले आणि कुठला राऊंड चाललाय ते त्याला सांगता आलं नाही. ओकारी नाही, जेवण नीट आहे. मात्र डोकं जड, आणि वर्गात फळ्याकडे पाहिलं की दुखतं म्हणतो. नऊ दिवसांवर विभागीय शालेय स्पर्धा आली आहे. घरचे म्हणतात सीटी करू, नॉर्मल आला तर खेळू दे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सीटीवर विसंबावं का? हेडगार्ड असून असं का झालं? परत आणायचं तर कोणत्या क्रमानं?

डॉक्टर, अपघात विभाग

सर, हे कन्कशन (हादऱ्यानं मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) आहे असंच धरून चाला. शुद्ध जाणं ही त्याची अट नाही, बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही. पाय सैल पडणं आणि राऊंड न आठवणं, एवढी दोन लक्षणं पुरेशी आहेत. अजून दाखवलं नसेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम, आणि ते सीटीत दिसत नाही. म्हणून नॉर्मल सीटीचा अर्थ 'डोक्यात रक्त नाही' एवढाच. 'रिंगमध्ये उतरायला हरकत नाही' असा तो होत नाही. सीटी लागेल का ते तपासणारे डॉक्टर ठरवतील, पण पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी वाट न बघता १०८ ला फोन करा: दोन किंवा जास्त वेळा ओकारी, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, हाक मारून नीट जागं न होणं, डोळ्याची एक बाहुली मोठी एक लहान, दोन-दोन दिसणं, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, नाकाकानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, विचित्र वागणं. मानेच्या मणक्यावर दुखत असेल तर मुलाला हलवूच नका, मान धरून आडवंच ठेवा.

घरी: पहिले २४ तास एकटं सोडायचं नाही. झोपू द्यायला हरकत नाही, पण रात्री एकदोनदा हाक मारून उत्तर नीट येतं का बघावं. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. पहिले दोन दिवस मोबाइल कमीत कमी. दुचाकी चालवायची नाही. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा हा सल्ला मात्र आता कुणी देत नाही. २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हळूहळू चालणं. त्यानं बरं व्हायला मदतच होते.

कणकवली रिंग

हेडगार्डबद्दल. त्यानं भुवई फुटणं, कान सुजणं कमी होतं. मेंदूला हादरा बसतो तो डोकं झटक्यात फिरल्यामुळे. कवटी थांबते, आत मेंदू वळत राहतो, पेशींचे तंतू ताणले जातात. हेडगार्डचा फोम हे फिरणं फारसं अडवत नाही, उलट डोकं आकारानं मोठं झाल्यानं कडेनं वळवून मारलेले ठोसे (हुक) जास्त लागतात. २०१३ साली आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं पुरुषांच्या एलिट (वरिष्ठ) गटातून हेडगार्ड काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले. म्हणून मुलांचं काढा असं मी म्हणत नाही, जखमा टळतात त्या टळोत. पण हेडगार्ड आहे म्हणून जोरात मारायला परवानगी, हा समज सरावातून गेलाच पाहिजे.

ग्लोव्हज तपासा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ग्लोव्हज आतून सुकतच नाहीत. फोम बसतो, मग कडक होतो. बोटाच्या गाठींवर अंगठा दाबा. आतली गाठ हाताला लागली तर तो ग्लोव्ह बॅगेला (ठोसे मारायच्या टांगत्या पिशवीला) ठेवा, माणसावर नको. सुकवताना आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, कडक उन्हात नको, तिथं वरचं कातडं तडकतं. स्पारिंगला १६ औंस घ्या. माउथगार्ड दातांसाठी आहे, मेंदूसाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

आणि जमीन. शाळेच्या हॉलमध्ये लादीवर किंवा कोब्यावर स्पारिंग चालतं, ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ठोशानं पोर नुसतं डळमळतं. मागे पडून डोकं लादीवर आपटलं की रक्तस्रावाची भीती खरी. रिंग नसेल तर ४० मिलिमीटरचे एकमेकांत अडकणारे मॅट घाला, जोड उघडे राहू देऊ नका, आणि मॅटच्या कडेपासून भिंत निदान दोन पावलं लांब हवी.

मालवण कॉर्नर

सगळं पटलं, पण व्यवहार बघा. शालेय स्पर्धा हुकली की दहावी-बारावीचे क्रीडा गुण हुकतात, वर्ष जातं. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणलं आणि मुलगा स्वतः ठीक म्हणाला, तर अडवायचं कशावर?

डॉक्टर, अपघात विभाग

मुलाच्या 'ठीक आहे'वर जाऊ नका. त्याला खेळायचं असतं, तो लपवणारच. आणि पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर क्वचित, पण विशेषतः या वयात, मेंदूला झपाट्यानं सूज येते. अशा प्रसंगी मिनिटं हातात असतात. गुहागर-चिपळूणहून न्यूरोसर्जनपर्यंत जायचं तर बहुतेकदा कुंभार्ली घाट चढून कराड, रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर, सिंधुदुर्गातून गोव्याला बांबोळी. पावसात दरड आली तर घाटच बंद. क्रीडा गुणांचं नुकसान मलाही कळतं, पण हा जुगार त्यासाठी खेळायचा नाही.

नऊ दिवसांचा हिशोबही बसत नाही. ब्रिटनच्या २०२३ च्या हौशी खेळांसाठीच्या सूचनांत स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस आहेत, शिवाय डोक्याला धक्का बसेल असा सराव सुरू करण्याआधी १४ दिवस विश्रांतीत एकही लक्षण नको. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत डोक्यावरच्या मारानं लढत थांबली तर किमान ३० दिवस बंदी, त्यात स्पारिंगही आलं. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ९० दिवस. सरावातला ठोसा स्पर्धेतल्याहून मऊ नसतो, म्हणून तोच नियम क्लबला लावा. ही स्पर्धा सोडा, सर.

गुहागर बॉक्सिंग

सोडली. आज सकाळी आईवडिलांशीही बोललो. आता क्रम सांगा. बॅग कधी, पॅड (समोरच्यानं हातात धरलेल्या गाद्यांवर ठोसे) कधी?

कणकवली रिंग

प्रत्येक पायरीला निदान २४ तास. आधी शाळा आणि घरचं रोजचं वागणं. मग चालणं किंवा स्थिर सायकल: कमाल नाडी २२० वजा वय, म्हणजे त्याची २०४. सुरुवातीला ५५ टक्के, सुमारे ११२. ते जमलं की ७० टक्के, सुमारे १४३. व्यायामात डोकेदुखी दहापैकी दोन गुणांहून जास्त वाढली किंवा तासाभरात उतरली नाही, तर त्या दिवशी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी. तिसरी पायरी एकट्याचं फूटवर्क, शॅडो (समोर कुणी नसताना हवेत ठोसे). दोरीउड्या इथं शेवटी, त्यानं डोकं हलतं.

बॅग आणि पॅड चौथ्या पायरीवर, लक्षणं पूर्ण गेल्यावरच. आधी पॅड, मग हलकी बॅग, जड बॅग सगळ्यात शेवटी, कारण जोराच्या ठोशाचा धक्का मानेपर्यंत येतो. पॅड धरणाऱ्यानं डोक्यावर टपली मारायची सवय महिनाभर पूर्ण बंद. पाचवीला डॉक्टरांची लेखी परवानगी, वरचे १४ दिवस पुरे झालेले, आणि शाळा पूर्ण वेळ सुरळीत. मग फक्त अंगावरचं, डोक्यावर ठोसा नसलेलं स्पारिंग, नंतर ठरवून कमी जोराचं, जोडीदार त्याच वजनाचा आणि हात आवरता येणारा. सहावी म्हणजे लढत.

डॉक्टर, अपघात विभाग

एक भर घालतो. हंगाम सुरू होताना, डोकं ठणठणीत असताना, प्रत्येक मुलाची नोंद करून ठेवा: महिने उलटे म्हणायला किती सेकंद, ऐकवलेल्या शब्दांतले थोड्या वेळानं किती आठवतात, कमरेवर हात, डोळे मिटून कमी वापरातल्या एका पायावर २० सेकंदांत किती वेळा तोल जातो. पुढे मार लागला तर तुलना करायला आकडा हाताशी राहतो. चाचणी दमलेल्या मुलाची लगेच घेऊ नका, दहा-पंधरा मिनिटं बसवा, पाणी द्या. वजन उतरवायला पाणी तोडून, प्लास्टिकचं जॅकेट घालून पळालेला मुलगा आपल्या दमट हवेत तसाही डोकं दुखतं म्हणतो, आणि मग डोकेदुखी कशाची ते कळत नाही. त्या दिवशी त्याला स्पारिंगला उतरवूच नका.