आळेगावची माघार आणि धोडपची लढाई : माधवरावांनी गादी कशी सावरली?

गोदाकाठ, नाशिक
राघोबादादांचा मुक्काम आनंदवल्लीला, माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंचा गंगापूरला आणि राघोबा-माधवराव या काका-पुतण्यांची निर्णायक लढाई १७६८ साली धोडप किल्ल्यापाशी. म्हणजे पेशवाईतील गृहकलहाचा बराच भाग आपल्याच जिल्ह्यात घडला. माझी शंका अशी, की पानिपतानंतर निजाम, म्हैसूरचा हैदर आणि नागपूरकर भोसले या सर्वांना तोंड देणाऱ्या थोरल्या माधवरावांनी १७६२ मध्ये आळेगावला काकांपुढे माघार का घेतली? धोडपला जे केले, ते तेव्हाच करता आले नसते का?

सातमाळा
नसते, असे माझे मत आहे. दादांनी तेव्हा निजामाची मदत घेतली होती आणि भांडण लांबते, तर त्याची किंमत मुलूख देऊन चुकवावी लागली असती. म्हणून सतरा वर्षांच्या पेशव्याने काकांच्या छावणीत स्वतः जाऊन कारभार त्यांच्या हाती दिला. दादांनी मात्र जुने हिशेब चुकते करण्यास आरंभ केला. मिरज काढून घेतल्याने गोपाळराव पटवर्धन निजामाला मिळाले आणि १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, तेव्हा कुठे पारडे फिरले. मला त्या विजयाहून पुढची गोष्ट मोठी वाटते : मिरज पटवर्धनांना परत मिळाली आणि हैदरविरुद्धच्या मोहिमांत तेच घराणे पेशव्यांचा भरवशाचा आधार ठरले.

चांदवडकर
धोडपची वेळही पाहावी. १७६८ मध्ये हैदर इंग्रजांशी लढण्यात गुंतला होता, त्यामुळे दक्षिणेची चिंता तूर्त नव्हती. दादांकडे दमाजी गायकवाडांची फौज आणि होळकरांचे दिवाण गंगोबातात्या होते. नागपूरकर जानोजी भोसल्यांची कुमक पोहोचण्याआधीच माधवरावांनी धोडप गाठला. दादा शनिवारवाड्यात नजरकैदेत गेले आणि जानोजींना १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने वठणीवर आणले गेले.

जुना_नाशिककर
वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी या स्थैर्याचा पाया कितपत पक्का होता, याविषयी मी साशंक आहे. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये, दादा ज्या वाड्यात कैदेत होते त्याच वाड्यात, माधवरावांचे धाकटे भाऊ आणि वारस नारायणराव यांचा खून झाला. सरदार माधवरावांच्या वचकाने एकत्र होते. वारसाच्या पाठीशी कोणी आणि कसे उभे राहायचे, याची भक्कम व्यवस्था मात्र दिसत नाही. क्षयाने खंगलेल्या, जेमतेम सत्तावीस वर्षांच्या माणसाकडून ही अपेक्षा करणे कठोरपणाचे ठरेल का, यावर सातमाळा यांचे मत वाचायला आवडेल.