टाकी काठोकाठ भरलीय, तरी वायपरच्या पाण्याचा दिवा जाईना

रेणापूर नाका
नमस्कार मंडळी. गाडी जर्मन, 2012 ची, सेकंडहँड घेतलेली. लातूर-अंबाजोगाई रोजचं जाणं-येणं. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, त्यांच्या मागं लागलं की काचेवर पाणी मारल्याबिगर पुढचं दिसत नाही. अन् नेमका पंधरा दिवसांपासून पाणी कमी असल्याचा पिवळा दिवा लागायलाय. चावी फिरवली की टुंग, अन् दिवा. टाकीत बोट घातलं तर बुडतंय, फवारा पण झकास उडतोय.

एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, टाकी अन् सेन्सर दोन्ही बदला, 4,800 रुपये. म्हणजे क्विंटलभर सोयाबीन गेलं की हो! घरी काय करता येईल का?

काळी टेप
दिव्यावर टेप चिटकवा. माझ्या गाडीला चार वर्षं झाली, काही अडलं नाही.

क्लीनर साइड
टेपवाल्यांचं ऐकू नका. सेन्सर दोन तऱ्हेचे असतात. एकात चुंबक बसवलेला फ्लोट पाण्याबरोबर वर-खाली होतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं त्याच्यावर पांढरा थर चढतो, मग तो जागचा हलत नाही. लिंबूसत्व घातलेल्या कोमट पाण्यात तासभर बुडवला की मोकळा होतो. दुसऱ्या तऱ्हेत हलणारं काहीच नसतं, नुसत्या दोन पिना. त्या बुडाल्या की पाण्यातून करंट जातो अन् दिवा विझतो.

तुमचा कुठला ते बघा. चाकावरच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढा, टाकी दिसेल. सेन्सर रबरात दाबून बसवलेला असतो. उंदरानं वायर कुरतडलीय का ते आधी बघा, उसाच्या दिवसांत हे लई होतं. वायर धड असली तर चावी बंद करून कनेक्टर काढा, त्याची दोन्ही टोकं तारेनं जोडा अन् चावी फिरवा. पिनांचा सेन्सर असेल तर दिवा विझायला पाहिजे. फ्लोटवाल्या काही गाड्यांत उलटं असतं. आणि पंपाचा कनेक्टर तिथंच शेजारी असतो, ज्याला रबरी पाइप लागलाय तो पंप. त्याला हात लावू नका, फ्यूज उडवून बसाल.

रेणापूर नाका
रविवारी केलं. वायर धड आहे. पोरीच्या वहीची पेपरक्लिप सरळ करून टोकं जोडली. आधी काहीच नाही, मी शिव्या घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात मिनिटभरानं दिवा गेला. खाली बादली धरून सेन्सर उपसला. दोनच पिना, अन् त्या नव्या नाण्यासारख्या चकचकीत. थर नाही, गंज नाही. मग बिघडलं काय?

बार्शी रोड
टाकीत पाणी कुठलं घालता?

रेणापूर नाका
अहो, एकदम भारी पाणी घालतो. आमच्या बोअरच्या पाण्यानं नोझल बुजायचे, दर महिन्याला स्टोच्या पिनेनं टोकरत बसायचो. कंटाळून बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला. तेवढंच घालतो.

बार्शी रोड
कॅन आणून किती दिवस झाले? पंधरा ना?

बॅटरीच्या पाण्यातून क्षार काढलेले असतात, अन् क्षारच नाहीत तर करंट जाणार कशातून? सेन्सरला वाटतंय टाकी कोरडी आहे. एसीचं ठिबकलेलं पाणी साठवून घालणाऱ्यांचं पण हेच होतं.

रेणापूर नाका
खरं वाटेना म्हणून दोन ग्लास घेऊन गाडीपाशी गेलो. एकात बॅटरीचं पाणी, एकात बोअरचं. कनेक्टर लावलेला, सेन्सर हातात. बॅटरीच्या पाण्यात बुडवला, दिवा तसाच. बोअरच्या पाण्यात धरला, मिनिटभरानं गायब. परत इकडं, परत तिकडं, चार वेळा केलं. बायको ओट्यावरून बघायली होती, म्हणाली गाडीला पाणी पाजायलाव का?

काळी टेप
मग टाका की चिमूटभर मीठ.

क्लीनर साइड
मीठ अजिबात नको. पिना गंजतील, बॉनेटचा पत्रा खराब होईल, काच वाळली की पांढरे ओघळ दिसतील ते वेगळेच. दुकानात काच धुवायचं लिक्विड मिळतं, ते बाटलीवरच्या मापानं घाला. त्यानं करंट पण जातो अन् चिकटलेले किडे पण निघतात. ते नसेल तर चार भाग बॅटरीचं पाणी अन् एक भाग नळाचं. भांड्याचा साबण घालू नका, फेस होतो.

रेणापूर नाका
लिक्विड घातलं, मिनिटभरात दिवा गेला. 4,800 वाचले. सेन्सरचं रबर मात्र कडक झालं होतं, तिथून थेंब गळायला लागला म्हणून तेवढं नवीन टाकलं. तीन लिटर बॅटरीचं पाणी उरलंय, त्याचं काय करू?

बार्शी रोड
घरी इन्व्हर्टर असेलच की. शेवटचं पाणी कधी घातलं होतं त्याला?

रेणापूर नाका
…आलोच बघून.