आईला नागीण झालीय, तोंड आणि शेपटी जुळली तर खरंच धोका असतो का?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. जरा घाबरून लिहितेय त्यामुळे विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या. आई ६७ वर्षांची, गावी असते, सांगलीपासून तासाभरावर. मागच्या शुक्रवारपासून उजव्या कुशीत आग होतेय म्हणत होती, आम्हाला वाटलं पित्त असेल नाहीतर कळशी उचलताना लचक भरली असेल. परवा रात्री पाठीवर लाल चट्टा दिसला आणि काल सकाळी त्यावर पाणी भरलेले बारीक बारीक फोड, पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीखालून पुढे पोटाकडे वळलेले, अगदी पट्टाच. शेजारच्या काकू आल्या, पदर बाजूला करून बघितलं आणि म्हणाल्या नागीण आहे, तोंड पुढे आलंय, शेपटी मागे आहे, दोन्ही जुळायच्या आत उतरवून घ्या नाहीतर माणूस राहत नाही. तेव्हापासून आईने अन्न सोडल्यात जमा आहे. काकू येऊन बोटांनी अंतर मोजून जातात, काल "वीतभर राहिलंय" म्हणाल्या!

माझे प्रश्न असे की एक तर हे विळख्याचं खरं आहे का. दुसरं, डॉक्टरकडे फोटो पाठवला तर ते म्हणाले हा कांजिण्यांचाच व्हायरस आहे, पण आईला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात, आणि आपण तर ऐकत आलोय की एकदा झाल्या की जन्मभर परत होत नाहीत, मग ही इम्युनिटी गेली कुठे? आणि तिसरं, माझी बहीण सातव्या महिन्यात आहे, पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला तिथेच येणार आहे, तिला लागण होईल का?

आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

बाणेरचा बोका:
विळखा वगैरे काही नसतं हो ताई, माझ्या मामाला झाली होती, ठणठणीत आहे, उलट आता जास्तच बोलतो. पण डॉक्टरला फोटो नको, प्रत्यक्ष दाखवा, आजच. मामाने चार दिवस गेरू लावत काढले आणि मग बोंबलत गेला.

त्वचारोगवाला:
स्किन ओपीडीत बसतो म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

सगळ्यात आधी घाईचं. फोड काल दिसले म्हणताय, म्हणजे अजून वेळ हातात आहे. व्हायरसवरच्या गोळ्या, असायक्लोव्हिर किंवा त्याच घराण्यातल्या, पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. डोस मी इथे लिहिणार नाही कारण आईला शुगर आहे, किडनी कशी चाललीय ते बघून डॉक्टर ठरवतील, क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट असेल तर सोबत न्या. आणि एक विचारा आईला, गुडघ्यासाठी कुणाकडून पुड्या घेते का? अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. घेत असेल तर लपवू नका, आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा.

आता विळखा. आपल्या मणक्यातून प्रत्येक पातळीवर एक नस उजवीकडे निघते, एक डावीकडे. उजवीची हद्द पुढे पोटाच्या मध्यरेषेवर संपते, मागे कण्यावर संपते. नागीण ही एका नसेच्या मुळाशी उठते आणि त्या नसेच्या हद्दीतच फोड येतात. त्यामुळे पट्टा अर्धाच राहतो, पलीकडे जायला तिला रस्ताच नाही. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोघांनी १९०० साली नागिणीचेच पेशंट अभ्यासून कुठली नस कातडीचा कुठला पट्टा सांभाळते याचा नकाशा काढला होता, म्हणजे डॉक्टरांना शरीराचा हा नकाशा नागिणीने शिकवलाय म्हणा ना. तर काकूंचं वीतभर अंतर हे वीतभरच राहणार आहे.

इम्युनिटीचा प्रश्न चांगला विचारलात. कांजिण्या बऱ्या होतात, पण व्हायरस शरीरातून जात नाही. अंगावर फोड असतात तेव्हाच तो कातडीतल्या नसांच्या टोकांतून वर चढतो आणि मणक्याशेजारी नसांच्या ज्या गाठी असतात तिथे जाऊन पडून राहतो. त्या पेशी जन्मभर टिकणाऱ्या, रोज मरून नव्या होणाऱ्या नाहीत, त्यामुळे भाडेकरूला निवांत. पन्नास पन्नास वर्षं काही करत नाही.

आपल्याकडे अँटिबॉडी म्हणजे इम्युनिटी असं एक समीकरण होऊन बसलंय, कोविडनंतर तर फारच. अँटिबॉडी पकडते ती मुख्यतः पेशीच्या बाहेर फिरणाऱ्या व्हायरसला. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. बाहेरून नव्याने कांजिण्या आल्या तर तो अडवतो, म्हणून बहुतेकांना कांजिण्या दुसऱ्यांदा होत नाहीत, तुमचं ऐकीव ते चूक नाही. पण हा गडी गेटमधून येतच नाहीये, तो कधीचाच पोटमाळ्यावर राहतोय. आतल्या खोल्या तपासण्याचं काम टी पेशींचं, त्या संसर्ग झालेली पेशी ओळखून तिचा बंदोबस्त करतात. वय वाढलं की या व्हायरसला ओळखणाऱ्या टी पेशींचा जोर ओसरत जातो, शुगर, कॅन्सरची औषधं, लांब चाललेलं स्टेरॉइड, एचआयव्ही यातही तेच. गंमत म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं रक्त तपासलं तर अँटिबॉडी भरपूर सापडतात आणि तरी नागीण होते. वॉचमन जागाच होता, त्याची चूक नाही.

तर आईला कुणाची लागण झालेली नाही, तिच्याच लहानपणीचा व्हायरस आहे हा.

बहिणीचं: तिला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील किंवा लसीचे दोन डोस झाले असतील तर फार काळजी नको. नसतील किंवा आठवत नसेल तर तिच्या गायनॅकला आजच फोन करा, रक्ताची एक तपासणी करून कळतं. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातल्या पाण्यातून ज्याला कधीच कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात त्या वाईट. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण सात ते दहा दिवस, जागा कापडाने झाकलेली ठेवा, टॉवेल वेगळा.

निपाणीकर:
डॉक्टरसाहेब सगळं मान्य पण आमच्याकडे हिला सर्पसुत्तु म्हणतात, कानडीत सुत्तु म्हणजे वेढा, आणि माझ्या आज्जाची नागीण आमच्या डोळ्यांदेखत मंत्राने उतरलेली आहे, एक गोळी घेतली नव्हती, दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप आणि पाच अमावस्या तेल बंद. पंधरा दिवसांत साफ. हे कसं काय मग? सगळंच थोतांड म्हणून कसं चालेल. आणि जुळली तर मरतो हे जुनी माणसं उगाच म्हणत होती का?

त्वचारोगवाला:
निपाणीकर, तुमचे आज्जा बरे झाले हे खरंच आहे, फक्त ते लेपाशिवायही पंधरा दिवस ते महिनाभरात बरे झाले असते. फोड आपोआप सुकतात, त्यामुळे या रोगात जो कोणी पहिल्या आठवड्यात हात फिरवेल त्याला यश. गोळी घ्यायची ती फोड लवकर आटोक्यात यावेत, दुखणं कमी व्हावं म्हणून. शिवाय ओल्या फोडांवर वाटलेलं काहीतरी थापलं की वरून पू होतो, ते आम्हाला निस्तरावं लागतं. दूर्वा गणपतीला वाहा.

जुनी माणसं उगाच म्हणत होती असं मीही म्हणणार नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती पार ढासळलीय अशांना क्वचित दोन्ही बाजूंना, किंवा अंगभर फोड उठतात, फुप्फुस मेंदूपर्यंत जातं, आणि ते खरोखर जिवावरचं असतं. असा एखादा माणूस गावाने पाहिला असेल आणि मग म्हण पडली असेल, हा आपला माझा अंदाज. पण तिथे विळखा हे मरणाचं कारण नसतं, आधीच कुठलातरी मोठा आजार असतो.

निपाणीकर:
बरं. तेल बंदचं काय मग 😀

त्वचारोगवाला:
तेल बंदने कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही.

रिटायर्ड गार्ड:
मी डॉक्टर नाही, रेल्वेत गार्ड होतो, पण नागीण भोगलेली आहे म्हणून सांगतो. मला डाव्या छातीत दुखायला लागलं पहाटे तीनला, मुलगा गाडीत घालून घेऊन गेला, ईसीजी काढला, नॉर्मल, परत काढला, नॉर्मल, रक्त तपासलं, एक रात्र ठेवून घेतलं आणि गॅस म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी बायकोने पाठीला बाम चोळायला बनियन वर केला तर फोड. तिने तो बाम चोळलाच नाही हे नशीब. तर आधी नुसतं दुखतं आणि दिसत काहीच नाही, त्यात सगळे फसतात, तुमचं पित्त समजणं काही वेगळं नाही.

गोळ्या मला उशिरा मिळाल्या, सहाव्या दिवशी. फोड गेले महिन्यात. दुखणं गेलं अकरा महिन्यांनी. ते दुखणं कसं असतं ते सांगतो, शर्ट अंगाला घासला की कुणी निखारा ओढतंय, पंख्याचा वारा लागला की चटका, आणि चिमटा काढून बघितला तर तिथेच बधिर. सुती जुनं धोतर फाडून बायकोने पट्टी गुंडाळली ती जाडसर घट्ट बांधली की उलट बरं वाटायचं, हलका स्पर्श सोसत नाही पण दाबलेलं सोसतं, अजब प्रकार. लोक म्हणायचे फोड तर गेले आता काय नाटक आहे. नंतर नसांच्या डॉक्टरने प्रेगाबालिन दिलं, झोप फार यायची पहिल्यांदा पण हळूहळू उतार पडला. साधी पॅरासिटामॉल याला पुरत नाही, तुमच्या आईचं दुखणं टिकलं तर "सहन कर" म्हणू नका एवढंच सांगणं आहे.

बाणेरचा बोका:
काका वाचूनच अंगावर काटा आला. डॉक्टर, याची लस आलीय ना, माझ्या वडिलांना ५८ आहे, द्यावी का? आणि चेहऱ्यावर पण होते का ही, मामाला कपाळावर होती.

त्वचारोगवाला:
गार्डकाकांनी लिहिलंय ते आमच्या पुस्तकापेक्षा नेमकं आहे. व्हायरस जागा होऊन बाहेर पडताना ती नसच सोलवटून काढतो, म्हणून कातडी भरली तरी नस चुकीचे निरोप पाठवत राहते. तीन महिन्यांच्या पुढे दुखत राहिलं तर त्याला वेगळं नाव आणि वेगळी औषधं आहेत. साठीच्या पुढे हे जास्त होतं.

कपाळ आणि नाक हा भाग धोक्याचा. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला तर तीच नस डोळ्यात जाते, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, डोळा लाल नसला तरी. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं तरी तसंच पळायचं.

लस: हो, ५० च्या पुढच्यांसाठी, भारतात २०२३ पासून मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, चाचण्यांत नव्वद टक्क्यांच्या वर संरक्षण दिसलंय. महाग आहे आणि दंड दोन दिवस चांगला दुखतो. यात जिवंत व्हायरस नाही, त्याचं एक प्रोटीन आहे आणि टी पेशींना खडबडून उठवणारं एक मिश्रण, त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. लहान मुलांची कांजिण्यांची लस वेगळी, ती जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ मध्ये केलेली, एका मुलाच्या फोडातला व्हायरस घेऊन. ती आपल्याकडे सरकारी मोफत यादीत नाही, बालरोगतज्ज्ञाकडे विकत घ्यावी लागते. वडिलांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. निशिगंध, आईंना आत्ता नाही, बरं झाल्यावर.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार, अपडेट देतेय. परवाच तालुक्याला नेलं, गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून पाच वेळा, आई म्हणते शाळेची घंटा लावल्यासारखं झालंय. क्रिएटिनिन ठीक आलं. आणि डॉक्टरसाहेब तुम्ही विचारलंत म्हणून विचारलं तर निघाली की पुडी! उशीखाली, वर्तमानपत्राच्या कागदात, बाजारच्या दिवशी एक जण येतो त्याच्याकडची, आठ महिने घेतेय आणि आम्हाला पत्ता नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी ती ठेवून घेतली आणि हळूहळू कमी करायचा तक्ता लिहून दिलाय.

बहिणीला आठवत नव्हतं पण आईला पक्कं आठवतंय, ती चौथीत असताना झालेल्या, गादीवर कडुनिंबाचा पाला घातला होता आणि हिने तो सगळा खिडकीतून शेळीला टाकला होता. तरी गायनॅकने रक्त तपासायला सांगितलंय, उद्या रिपोर्ट. तोपर्यंत ती मावशीकडे.

गार्डकाका, तुमचं घट्ट पट्टीचं आईला वाचून दाखवलं, तिने माझी जुनी सुती ओढणी घेतली, रात्री चार तास सलग झोपली.

काकू अजून रोज सकाळी येतात. आज मोजून म्हणाल्या, वीतभरच आहे, सरकलेली दिसत नाही, मी मारुतीला नारळ बोलले होते. आईने माझ्याकडे बघितलं आणि त्यांना चहा टाकायला सांगितला.