‘मूर्तीला दाखवलेला नैवेद्य’ : हाच शब्द ठेवावा का?

धागाकर्ती : मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय सोप्या मराठीत उतरवतेय. आपल्या नेहमीच्या पवित्र शास्त्रात ‘मूर्तीला दाखवलेला नैवेद्य’ असं आहे. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “पुरणपोळी खावी की नाही याचं पौल सांगतोय?” मूळ ग्रीक ‘एइदोलोथुतोन’, म्हणजे मूर्तीपुढे बळी दिलेलं. देवळातलं हे मांस करिंथच्या बाजारात विकायला यायचं, ते ख्रिस्ती माणसानं खावं का, खरा प्रश्न तो. ‘नैवेद्य’ ठेवू की ‘बळीचं मांस’ करू?

नगरी : नैवेद्यच ठेवा. नैवेद्य म्हटलं की पुरणपोळी, हा शहरी समज. आमच्याकडे म्हसोबाला बोकडाचा नैवेद्य असतो आणि जेवायला अख्खं गाव. आमची आजी ख्रिस्ती. आवतण आलं की जायची, सगळ्यांशी बोलायची, पंगतीला मात्र बसायची नाही. करिंथचा पेच तिला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

अक्षरशत्रू : क्रियापद चुकतंय. नैवेद्य दाखवतात, बळी देतात. ‘थुतोन’मध्ये बळी देणं आहे, ते ‘दाखवलेला’मध्ये गळून जातं.

जुना वाचक : गंमत ऐका. ‘नैवेद्य’ नि + विद् वरून, निवेदन केलेलं. ‘एइदोलोन’चा धातूही मुळात तोच, पाहणं-जाणणं. म्हणजे मूर्ती आणि नैवेद्य चुलत भावंडं!

अक्षरशत्रू : काका, मूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. ग्रीक कवी होमरकडे ‘एइदोलोन’ म्हणजे मेलेल्या माणसाची छायाही. त्या हिशेबानं ताईंना भुताला दाखवलेला नैवेद्य लिहावं लागेल.

वसईकर : मला ‘मूर्ती’वरच बोलायचंय. मोतमाउलीची, म्हणजे मरिया मातेची, मूर्ती म्हणतो तेव्हा आम्ही खोटा देव म्हणत नसतो. एकच शब्द दोन्हीकडे वापरला की कॅथलिक माणूस आपोआप आरोपी. 787 च्या निकेआच्या धर्मपरिषदेनं हा फरक केव्हाच केलाय : आराधना एकट्या देवाची, प्रतिमांना मान. इथं ‘खोटे देव’ लिहा.

नगरी : आणि दहा आज्ञांपैकी दुसरीतली ‘कोरीव मूर्ती’? तिचं काय करायचं?

वसईकर : तुमच्या प्रोटेस्टंट मोजणीत दुसरी. आमच्यात ती पहिल्या आज्ञेतच येते, लोभाच्या आज्ञेच्या मात्र दोन होतात. दहा दोन्हीकडे दहाच. शिवाय या आज्ञा ज्याला दिल्या त्याच मोशेला पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगितला होता.

नगरी : आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागल्यावर हिज्कीया राजानं तो फोडला. तेही वाचा की.

धागाकर्ती : माझा नैवेद्य राहिला बाजूला. बरं, दुसरी अडचण. सातव्या ओवीत, म्हणजे वचनात, दुर्बळ माणसाच्या विवेकाचं काय होतं? विटाळतो, बाटतो की मळतो?

जुना वाचक : विटाळतो. दुसरा शब्द नाही. सोवळंओवळं पाळणाऱ्या देशात हे एका शब्दात पोचतं.

सईची आई : पोचतं, म्हणूनच नको. याच शब्दावर बायकांना कोपऱ्यात बसवलं आणि माणसांना पाणवठ्यावरून हाकललं. येशू तर मार्क सातमध्ये उलटंच सांगतो : बाहेरून पोटात जाणारं नव्हे, मनातून निघणारं माणसाला अशुद्ध करतं. ‘बाटतो’ही नको. ‘बाटगा’ ऐकून कान किटलेत आमचे.

अक्षरशत्रू : मग ‘मळतो’? मळते कणीक, मळतात कपडे. विवेक कसा मळेल?

सईची आई : ग्रीक क्रियापदही डाग पडणं, मळणं असंच आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल उतरवलं ते साध्या बाईला कळावं म्हणून. पौलालाही कपड्यावरचा डागच दिसत असेल, सोवळं नव्हे.

जुना वाचक : शब्द सोपा केला की धार जाते. आम्ही ‘विटाळ’ असलेलंच वाचत आलो, आमचं काही बिघडलं नाही.

सईची आई : तुमचं नाहीच बिघडणार.

नगरी : मला ‘मळतो’ पटतंय. पण मग ‘मळवट भरणं’ यातला मळ कुठला? तो तर शुभ.

जुना वाचक : त्याचा मळाशी संबंधच नाही, असं माझे गुरुजी सांगायचे.

अक्षरशत्रू : गुरुजींचा आधार काय? सांगा, नाहीतर वेगळा धागा काढा.