तोरणा ते राजगड, धारेवरून एका दिवसात: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, डिसेंबरात तोरणा ते राजगड ही चाल एका दिवसात करायचं घाटतंय. आम्ही चौघं, वयं पस्तीस ते बावन्न. दोन्ही गड वेगवेगळे बऱ्याचदा झालेत, पण तोरण्याची बुधला माची आणि राजगडाची संजीवनी माची जोडणारी मधली डोंगरधार कधी चाललेलो नाही. सुरुवात कुठून करावी, पाणी किती घ्यावं, वाट कुठे चुकते, हे चालून आलेल्यांनी सविस्तर लिहा. फसलेले ट्रेक तर आवर्जून लिहा.

*

आमचा फसलेलाच लिहितो. फेब्रुवारीअखेर, उलट बाजूने, म्हणजे राजगडाकडून गेलो होतो. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून सातला निघालो. बालेकिल्ला, पद्मावती माची बघण्यात दोन तास घातले आणि संजीवनी माचीचा अळू दरवाजा सोडला तेव्हा अकरा वाजले होते. माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं निम्मं गडावरच संपलेलं.

उतरलो की थोडा झाडोरा लागतो, त्यानंतर नुसतं गवत. कमरेएवढं वाळलेलं, मोज्यांत कुसळं अशी घुसतात की दर अर्ध्या तासाला बूट काढावा लागतो. धार जिथे डांबरी रस्ता ओलांडते ती भुतोंड्याची खिंड आली दोनला. तिथेच थांबायला हवं होतं. पण तोरण्याचा बुधला समोर अगदी जवळ दिसतो. मित्र म्हणाला, 'आता हा एवढाच चढ', आणि आम्ही निघालो. दुपारी पश्चिमेकडे तोंड, ऊन थेट डोळ्यांत. तासाभराने त्याच मित्राच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग त्याला घाम यायचा बंद झाला आणि तो असंबद्ध बोलायला लागला. मी इतका घाबरलो होतो की बाटलीचं झाकण उघडेना. एका खडकाच्या हातभर सावलीत त्याला बसवलं, उरलेलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं. खाली धनगराचं एक घर होतं, तिथून मी ताक आणि मीठ घेऊन आलो. त्या मावशींनी पैसे घेतले नाहीत. वर स्वतः येऊन पदराने त्याला वारा घालत बसल्या. जरा सावरल्यावर त्याला धरून खिंडीत उतरवलं आणि जीप मिळाली तशी सलाईन लावायला दवाखाना गाठला.

बुधला दिसतो म्हणून पुढे जाऊ नका. खिंडीत किती वाजेपर्यंत पोचलंच पाहिजे, हे घरून निघतानाच ठरवा आणि ते चौघांनाही मान्य हवं.

*

वरचं वाचून काटा आला. आम्ही तोरण्याकडून गेलो, मी, नवरा आणि चौदा वर्षांची लेक. माझं मत ठाम आहे: तोरणाच आधी. १४०३ मीटर उंचीचा गड, पायथ्याच्या वेल्ह्याकडची सोंड अंगावर येणारी, ती पहाटे बॅटरीच्या उजेडात संपवलेली बरी. पावणेपाचला निघून साडेसातला गडावरच्या मेंगाईच्या देवळात होतो. दुपारनंतर राजगडाकडे चालताना ऊन पाठीवर असतं, हा फायदा वेगळाच.

बुधल्याकडे उतरताना लोखंडी शिडी आहे. शिडीपेक्षा तिच्या पुढचा घसारा त्रासदायक. बारीक मुरूम, वर दवाने ओलं झालेलं गवत, पाय ठेवला की वीतभर खाली जातो. लेक पुढे होती, माझ्या बुटाखालून नारळाएवढा दगड सुटला आणि तिच्या खांद्याशेजारून गेला. त्यानंतर एक जण पूर्ण उतरून बाजूला झाला की मगच दुसरा, असं केलं. पाणी माणशी चार लिटर, शिवाय इलेक्ट्रॉल. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, गवताच्या पात्यांनी हात चिरतात. गुंजवण्यात पोचायला साडेपाच झाले.

*

पावसाळ्यात नकोच. आम्ही जुलैत गेलो, दहा पावलांवरचा माणूस दिसेना. धारेवर गुरांच्या इतक्या वाटा आहेत की ढोरवाट हीच मळलेली वाट वाटते. आम्ही भलत्याच सोंडेवरून अर्धा तास खाली गेलो होतो. वाट उतरतच राहिली तर थांबा, माथ्यावर परत या. आणि वीज कडाडायला लागली तर उघड्या धारेवर उभं राहू नका.

*

आमचं गाव राजगडाच्या पायथ्याला. एक विनंती करतो. हे गवत आमच्या गुरांचा वर्षाचा चारा आहे. दिवाळीनंतर वाळतं, तेव्हा एका काडीने अख्खी धार पेटते. मी लहानपणापासून दोनदा वणवा विझवायला गेलोय, ओल्या फांद्या घेऊन, रात्रभर. सकाळी जळालेली घरटी बघितलीत. वर चूल, स्टोव्ह, सिगारेट काही नको, घरून भाकरी-ठेचा घेऊन या. कड्याला आग्यामोहोळं असतात, तिथे अत्तर फवारून, आरडाओरडा करत जाऊ नका. गडावरच्या टाक्यांचं पाणी डिसेंबरात मिळेल, पण गाळून, उकळून किंवा औषध टाकूनच प्या. मधल्या धारेवर पाणी मिळेल असं धरूच नका.

*

तयारीसाठी महिनाभर आधी कात्रज–सिंहगड करून बघा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून धार चढली की टेकड्यांमागून टेकड्या. लोक पौर्णिमेला रात्री करतात, तुम्ही मुद्दाम दिवसा करा, उन्हाचा अंदाज येतो. गुडघे चढाने दुखत नाहीत, सततच्या उताराने दुखतात हे तिथेच कळेल. बावन्नच्या काकांना काठ्या घ्यायला सांगा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री चौघं बसून हा धागा मोठ्याने वाचला. तोरणा आधी, वेल्ह्यातून साडेचारला निघायचं. पाणी माणशी पाच लिटर, त्यातलं दोन लिटर खिंडीत गाडी घेऊन येणारा भाचा आणेल. साडेअकरापर्यंत खिंड आली नाही तर त्याच गाडीने परत. बावन्न वर्षांचा मीच आहे. काठ्या आज आणल्या, पुढच्या रविवारी कात्रज.