पेनिसिलिन संपलं म्हणू नका
वर एकांनी लिहिलंय की पेनिसिलिन आता संपलं, जंतू त्याला दादच देत नाहीत. सरसकट तसं नाही हो. घसा सुजवणारा आणि पुढं पोरांच्या हृदयाच्या झडपा खराब व्हायला कारण ठरणारा जो स्ट्रेप्टोकॉकस आहे, तो अजूनही साध्या पेनिसिलिननं मरतोय. इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या शेजारच्या पोरीला रुमॅटिक फीवर, म्हणजे याच जंतूमुळं पुढं येणारा नि झडपांना धरणारा ताप, येऊन गेलाय, तर तिला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन असतंय, पांढरं दुधागत दाट औषध, कमरेत घेताना लई दुखतंय, पोरगी आईचा हात गच्च धरती पण एकही चुकवत नाही. लई कौतुक वाटतं तिचं.

नव्या संशोधनाचं म्हणाल तर बरेच जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम (एक प्रथिन) सोडून पेनिसिलिनसारख्या औषधातली मुख्य कडीच तोडतात, आणि त्या एन्झाइमला अडवणारं एन्मेटाझोबॅक्टम आपल्या चेन्नईच्या ऑर्किड फार्मानं शोधलंय! पेनिसिलिनच्या भावकीतल्या सेफेपिम या अँटिबायोटिकबरोबर त्याला २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, लघवीच्या अवघड इन्फेक्शनसाठी. एवढी मोठी गोष्ट, पण आपल्याकडं त्याची पाहिजे तेवढी चर्चाच झाली नाही.